नानांच्या सातबाऱ्यावरचा बोजा

ताई,
मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय 44. वडील, म्हणजे नाना, 72 वर्षांचे. पाच एकर बाग आहे, सातबारा नानांच्या नावावर. मी वीस वर्षं बागेत राबतोय, पण ‘बरं केलंस’ हा शब्द नानांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. 2010 ला मी हट्टाने माल युरोपला पाठवला आणि कंटेनर नापास झाला. नाना पारावर चार माणसांत म्हणाले, ‘शिकलेल्याने बाग बुडवली.’ तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं, तेही आता माझ्या अकरावीतल्या मुलामार्फत. ‘तुझ्या बापाला सांग, बोअर लाव.’ मजुरांपुढे माझा पाणउतारा करतात. 2025 मध्ये मेपासून पाऊस सुरू झाला, काडीत घडच नीट धरले नाहीत. म्हणून बागेवर प्लास्टिक टाकायचं ठरवलंय. त्यासाठी कर्ज हवं, तर नाना सही देत नाहीत. ‘कर्ज काढून बागेला छत्री धरायची का?’ म्हणतात. (कर्जासाठी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदींतले बदल, काढले तेव्हा दिसलं की 2011 ला नानांनी गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. बागेच्या फवारणीच्या औषधवाल्याला विचारल्यावर उलगडा झाला, माझी उधारी त्यांनीच भागवली होती. सहा वर्षं फेडलं. मला सांगितलंसुद्धा नाही, असा माणूस.) थंडीत पहाटे तीनला मात्र न बोलावता बागेत येतात आणि शेकोट्या चुकीच्या लावल्या म्हणून बोलतात. एक बहीण आहे, चांदवडला दिलीय. मी वेगळं निघावं का? की असंच सोसत राहावं? उद्या माझा मुलगा माझ्याशी असाच वागेल, याची फार भीती वाटते.

—

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे.

मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसातच अडकले. सातबाऱ्याच्या इतर हक्कात एक बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढला, सहा वर्षांनी उतरला, आणि ज्याच्यासाठी चढला त्याला पत्ताच नाही. तुम्ही समजत असणार की औषधवाला चांगला माणूस, त्याने थांबून घेतलं. तो थांबला नव्हता, त्याला पैसे मिळाले होते. सहा वर्षं म्हणजे सहा मार्चअखेर. दर मार्चला द्राक्षाचे पैसे हातात आले की नाना सोसायटीत जाऊन भरणा करत होते, आणि घरी येऊन तुमच्याशी एक अक्षर बोलत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच वर्षांत केल्या आहेत. तुम्ही मात्र त्याचा शेवट ‘असा माणूस’ असा केलात. कसा माणूस, ते लिहिलं नाहीत. मला वाटतं तुम्हालाही ते अजून नीट कळलेलं नाही, आणि पत्र लिहायचं खरं कारण तेच असावं.

आधी 2010 चं बोलू. त्या वर्षाची गाठ सुटली नाही तर पुढचं काही सुटणार नाही.

त्या हंगामात तुमचा एकट्याचा कंटेनर अडकला नव्हता. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावरच्या उन्हाळी छाटणीनंतर, आपल्याकडे सर्रास वापरत. शेंडा आटोक्यात राहावा, काडीत घड चांगले धरावेत म्हणून. नानांची पिढी वापरायची, तुम्हीही तेच बघून शिकलात. निर्यातीआधी मालात कोणकोणत्या औषधांचे अंश तपासायचे, त्या आपल्या यादीत ते नव्हतं. युरोपात तपासणी झाली, अंश सापडला आणि नाशिकचे कंटेनर तिकडच्या बंदरांत पडून राहिले. माल चांगला होता, मण्याला आकार होता, गोडी होती. कितीतरी घरं त्या एका हंगामात कर्जात गेली. त्यात आदल्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या वेळचा पाऊस बागांनी खाल्लेला होताच.

म्हणजे बाग शिकलेल्याने बुडवली नव्हती आणि न शिकलेल्यानेही नाही. हे तुम्हाला डोक्याने माहीत असणार, आज तुम्ही स्वतः अंश तपासून माल पाठवता. पण 29 वर्षांच्या मुलाला पारावर जे ऐकावं लागलं ते डोक्याने पुसलं जात नाही. नानांनी ते बोलायला नको होतं. यात मी ‘वडीलधारे आहेत, बोलायचेच’ असलं काही म्हणणार नाही. घरात चार शिव्या दिल्या असत्या तर तुम्ही विसरला असता. गावात बोलले, तेही हरलेल्या दिवशी. ते चुकलंच.

आता नानांच्या बाजूने तो दिवस बघा. 1972 च्या दुष्काळात ते एकोणीस वर्षांचे असणार. तेव्हाच्या कामांवर खडी फोडून मिलोच्या, म्हणजे मदतीत आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्लेल्या माणसांनी पुढे द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या आहेत. नाना त्यांतले असोत की नसोत, तुमच्या तालुक्यातली त्या वयाची सगळी माणसं त्या भुकेच्या शेजारी वाढली. या लोकांना घड विरळताना बघवत नाही. निर्यातीसाठी एका वेलीवर तीस-पस्तीस घड ठेवायचे आणि बाकीचे हिरवेगार घड कात्रीने कापून खाली टाकायचे, हे आपण हिशेबाने करतो. त्यांना ते ताटातलं अन्न टाकल्यासारखं वाटतं. माझे वडील, अण्णा, तासगावकडे द्राक्षाच्या बागेतच म्हातारे झाले. विरळणीच्या दिवसांत ते बागेकडे फिरकायचेच नाहीत. एकदा मी बघितलं, संध्याकाळी मजूर गेल्यावर ते ओळीत वाकून खाली पडलेले कोवळे घड गोळा करत होते. त्याचं काही होत नाही, गुरंही धड खात नाहीत. तरी पाटीभर गोळा केले आणि उकिरड्यावर न टाकता झाडांच्या बुडाशी नीट पसरून ठेवले.

तुम्ही घड कापलेत, हिशेबाप्रमाणे चांगला माल काढलात, तो जहाजात चढवलात आणि तो नापास झाला. नानांच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल? मला वाटतं राग तुमच्यावर कमी होता. भीती होती, आणि ती पारावर रागाच्या तोंडाने बाहेर पडली. मग महिन्या-दोन महिन्यांनी आपण काय बोललो ते उमगलं असणार. परत घेता आलं नाही, म्हणून सोसायटीत गेले.

हे अनुमान आहे, मी नानांना भेटलेली नाही. पण एक विचारते. ज्याला मुलगा नालायक वाटतो तो बाप मुलाची उधारी फेडत असेल, पण ती गुपचूप फेडेल का? तो तर गावभर सांगेल, ‘बघा, याचं मलाच निस्तरावं लागलं.’ पारावर तुमची चूक सांगणाऱ्या माणसाने तुमची उधारी फेडल्याचं मात्र पारावर कधी सांगितलं नाही. सोसायटीतल्या लोकांना माहीत असणार, औषधवाल्याला माहीत होतं, आणि तेही चौदा वर्षं गप्प राहिले. नानांनीच त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं असेल, दुसरं काय?

आता सहीकडे येते, कारण तुम्हाला घाई तिची आहे.

मला असं दिसतं की तुमच्या मनात दोन मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक कर्जाच्या कागदावरच्या सहीची आणि दुसरी शाबासकीची. नानांनी सही दिली म्हणजे ‘तू बाग सांभाळायला लायक आहेस’ असं ते म्हणाले, आणि नाकारली म्हणजे 2010 पुन्हा म्हणाले, असं तुम्ही धरून चालता. म्हणून त्यांच्या ‘नाही’ने तुम्हाला इतकं लागतं. नानांच्या जागेवर बसून तो कागद वाचा. कर्ज त्यांच्या नावावर चढणार आहे. पाच एकरांचं प्लास्टिक म्हणजे आजच्या भावाने वीस-पंचवीस लाखांच्या घरातली गोष्ट, सांगाडा धरून. वयाच्या 72 व्या वर्षी सातबारा पुन्हा बोज्याखाली घालायचा, आणि आधीचा बोजा सहा वर्षं एकट्याने उतरवल्याची आठवण अंगावर ताजी. मी त्यांच्या जागी असते तर माझाही हात थरथरला असता. तुमच्या लायकीचा यात संबंधच नाही.

म्हणून पाच एकरांचं कर्ज मागू नका. एक एकर मागा. ज्या प्लॉटला पावसाने सगळ्यात जास्त मार दिला तो निवडा. कागदावर हिशेब मांडा: एका पावसाळी हंगामात डावणी-भुरी या रोगांसाठी किती फवारण्या झाल्या, त्यांचा खर्च किती, फुलोऱ्यात गळ आणि घडकुज होऊन किती माल गेला, प्लास्टिक किती वर्षं टिकतं आणि दर वर्षाला त्याचा वाटा किती पडतो. अनुदान मिळतं का, अर्ज कधी सुटतात, ते कृषी सहायकाकडून पक्कं करून तेही त्यात घाला. आणि हा कागद मुलाच्या हाती पाठवू नका. स्वतः न्या.

तो मुलगा. यावर मला जरा कडक बोलायचं आहे.

अकरावीतल्या पोराला तुम्ही दोघांनी पोस्टमन करून ठेवलं आहे. नाना त्याला म्हणतात ‘तुझ्या बापाला सांग’, तुम्ही म्हणता ‘आजोबांना सांग’. आपल्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, हे त्याला तुम्हीच रोज शिकवताय. उद्या तो तुमच्याशी असाच वागेल ही भीती तुम्ही लिहिली आहे, ती खरी आहे, पण तिचा इलाज तुमच्याच हातात आहे आणि आजपासून होण्यासारखा आहे. त्याला सांगा, आता निरोप आणायचे नाहीत. नाना म्हणाले ‘बोअर लाव’, तर तो म्हणेल, ‘आजोबा, पप्पा तिथे उभे आहेत, त्यांनाच सांगा.’ पहिल्या आठवड्यात घरात शुकशुकाट होईल. बोअर एखाद्या दिवशी उशिरा लागेल, लागू दे.

मजुरांपुढच्या पाणउताऱ्याचं एकदा स्पष्ट बोलायला हवं, सोसत राहायचं नाही. पेठ-सुरगाण्याची टोळी विरळणीला येते, त्यांच्यापुढे मालकाचा अपमान झाला की दुसऱ्या दिवशी ती मुकादमाचं ऐकते, तुमचं ऐकत नाही. हा मानाचा प्रश्न आहेच, शिवाय कामाचाही आहे, आणि नानांना कामाची भाषा लवकर समजेल. सगळे गेल्यावर, दोघेच असताना सांगा: ‘नाना, माझं चुकलं तर दाखवा. पण टोळीसमोर नको. मग माझं कोणी ऐकत नाही.’ एवढंच. त्याला 2010 चं शेपूट लावू नका. ते बहुतेक काही उत्तर देणार नाहीत आणि पुढच्या चार दिवसांत पुन्हा एकदा बोलतील. तेव्हाही हेच वाक्य, संध्याकाळी, दोघांतच. नाना सुधारतील अशी मी ग्वाही देत नाही. तुम्ही मात्र गप्प बसणारे राहणार नाही.

वेगळं निघावं का, हे तुम्ही विचारलंत. माझा सख्खा भाऊ वेगळा निघाला होता, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. त्याचं आणि अण्णांचं असंच होतं, तुमच्यापेक्षा जास्त. वाटणी झाली, दोन एकर त्याच्या वाट्याला आले. पहिलं वर्षभर अण्णा त्याच्या बांधावरूनही गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी बेदाण्याच्या दिवसांत एका पाहुण्यांना रस्ता सांगताना अण्णा म्हणाले, ‘इकडून जा, त्याच्या बागेवरनं. सोनाका लावलाय त्यानं, बघून जा.’ ‘त्याच्या बागेवरनं.’ मी दारात उभी होते. जोवर बाग अण्णांची होती तोवर भावाचं प्रत्येक काम अण्णांच्या बागेत केलेली ढवळाढवळ होती. ती त्याची झाल्यावर अण्णांना ती बघता आली. पण चूलही वेगळी झाली होती आणि त्याचं दुःख आईने शेवटपर्यंत काढलं. सणाला तिला दोन घरांत थोडं थोडं जेवावं लागायचं, आणि कुठेच पोटभर जेवली नाही.

म्हणून माझं मत असं: चूल एकच ठेवा, जमिनीचं मात्र बघा. तुमच्या नावावर एखादा एकर झाला तर पुढच्या कर्जाला तुम्हीच उभे राहाल, नानांच्या डोक्यावर टांगती तलवार राहणार नाही. जमिनीत वडिलोपार्जित किती आणि नानांनी स्वतः घेतलेली किती, ते आधी जुन्या फेरफारांवरून बघा. ते कागद तुम्ही काढलेच आहेत. वडिलोपार्जित हिश्शात चांदवडच्या बहिणीचा तुमच्याइतकाच हक्क आहे, 2005 च्या कायद्याने तो आला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही काढून टाकली. तेव्हा तिला बोलावल्याशिवाय यातलं काहीही करू नका, आणि ‘ताईचं काय, ती सोडेलच’ असं गृहीत तर अजिबात धरू नका. सगळ्यांची सहमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप होतं. नानांनी स्वतः घेतलेल्या जमिनीचं ते ठरवतील, त्यावर जोर करू नका. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या वकिलाला कागद दाखवून मगच पुढे जा. आणि हे बोलणं दिवसा, घरात, बहीण आणि आई समोर असताना करा.

शाबासकीचं काय, असं तुम्ही मनात म्हणत असाल. खरं सांगायचं तर मला वाटतं ती मिळणार नाही. 72 वर्षांत जो शब्द तोंडात बसला नाही तो आता बसणं अवघड आहे. मी तुम्हाला ‘समजून घ्या, मनातून प्रेम करतात’ असं सांगून वाटेला लावणार नाही. न मिळालेल्या शब्दाची जागा दुसरं काही घेत नाही. तुम्ही चाळिशी ओलांडलीत आणि अजून ते लागतं, यात कमीपणा नाही. पण त्या शब्दाची वाट बघत असताना नाना जे बोलतात ते तुम्ही ऐकायचं सोडून दिलंय, असं मला पत्रभर जाणवत राहिलं.

पहाटे तीनला येतात, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिथल्या कुंदेवाडीचा पारा पाच अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रात बातमी येते. अशा रात्री मणी तडकू नयेत म्हणून तुम्ही बोअर चालू करून ठिबकने पाणी सोडता, कडेने शेकोट्या पेटवून धूर करता. मोटार तुम्ही लावली आहे, लाकडं तुम्ही रचली आहेत, नानांचं तिथे खरं तर काही काम नाही. 72 वर्षांचा माणूस गोधडीतून उठून, कानाला मफलर बांधून, बॅटरी घेऊन अंधारात चिखलातून येतो. कोणीही बोलावलेलं नसताना. आणि येऊन म्हणतो, शेकोटी चुकीच्या बाजूला लावलीस. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाला पेटवली तर धूर बागेवरून जातो, नाहीतर शेजाऱ्याच्या कांद्यावर. खरं सांगा, ते चूक सांगत होते का?

पुढच्या कडाक्याच्या रात्री घरून निघताना थर्मासमध्ये दोघांपुरता चहा घ्या. पहिली शेकोटी नानांना विचारून लावा, ‘नाना, वारा कुठून आहे?’ एवढं थेट विचारा. ते बोटाने दाखवतील. सगळ्या शेकोट्या पेटल्या की उजाडेपर्यंत बघत बसण्याखेरीज तसंही काही काम नसतं. तिथे बसा. कर्ज, प्लास्टिक, वाटणी, काही काढू नका. चहा ओता आणि म्हणा, ‘नाना, 2011 चा सोसायटीचा बोजा मी बघितला.’

पुढे ‘का सांगितलं नाहीत’ असं विचारू नका. ते बहुतेक विस्तवाकडे बघत राहतील, किंवा म्हणतील लाकूड ओलं आहे. मग ते ओलं लाकूड काढा, दुसरं घाला आणि बसून राहा.